खांबावरची प्लॅस्टिकची पानवेल

बोळिंजच्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ओट्याला खेटून एक जाडजूड खांब आहे. त्याच्या कुशीला लागून वरच्या मजल्यांच्या मोऱ्यांचा पाइप खाली जातो. तिथे खांब कोणाला सुचला ते बिल्डरलाच ठाऊक. त्याने आयुष्यात चहासुद्धा केला नसावा.

नवऱ्याने सजावटीसाठी एका बाईंना बोलावलं. त्या पाच मिनिटं खांबाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा लपवायचा नाही. मिरवायचा."

नवऱ्याने लगेच मान डोलावली. माझं मत कोणी विचारलं नाही, कारण मी फक्त तिथे स्वयंपाक करणार होते.

पाइपभोवती प्लायवूडची पेटी बसली. तिच्यावर खोट्या विटांचा कागद, आणि खांबाला खालपासून वरपर्यंत प्लॅस्टिकची पानवेल.

माझे वडील उमेळ्याहून घर बघायला आले. त्यांनी सगळी हयात पानमळ्यात घालवलेली. वेलीचं एक पान त्यांनी दोन बोटांत धरून चोळलं, बोटांचा वास घेतला आणि मला विचारलं, "पोरी, तुमच्याकडे खरं पान मिळत नाही का?"

नवरा म्हणाला, "बाबा, ही थीम आहे."

"असेल," म्हणून ते पाटावर बसले. मला इतकी लाज वाटली की मी गॅसकडे तोंड फिरवलं.

दोन महिन्यांत फोडण्यांच्या धुराने पानं चिकट झाली. मी दर रविवारी स्टुलावर चढून, साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसत होते. वडिलांच्या मळ्यातही पानांचे एवढे लाड झाले नसतील. मग पेटीतून झुरळं निघू लागली, मागोमाग वास. प्लंबरने पेटी फोडली. पाइपचा सांधा कधीपासून गळत होता आणि प्लायवूड भिजलेल्या पावासारखं हातात आलं.

मी बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, गळती माझ्या कामात येत नाही. मी फक्त सौंदर्य बघते."

त्याच दुपारी मी विळीने वेल कापली आणि कचऱ्यात टाकली. पाइप उघडाच ठेवला, खांबाला पांढरा ऑइलपेंट दिला. नवरा आठवडाभर गप्प जेवला. मला ते फार सोयीचं पडलं.

पुढे खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. हळदीकुंकवाला गेले, तर त्यांच्या खांबावर तशीच पेटी, तशीच वेल.

घरची सून कौतुकाने म्हणाली, "ताई, तुमच्या किचनचा फोटो त्या मॅडमनी दाखवला. बघताक्षणी आवडलं."

मी तिला बाजूला घेऊन गळतीचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "तुमच्याकडे साफसफाई कमी पडली असेल."