वहिनीच्या आवाजातले पाळणे

लासलगावात अमावस्येला कांद्याचा लिलाव बंद असतो. त्या दिवशी मार्केटातले हमाल यादवच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जमायचे. परदेशातल्या मोठमोठ्या आकाशपाळण्यांच्या बागांचे टीव्हीवरचे कार्यक्रम यादवनं ब्याण्णव सालापासून कॅसेटींवर उतरवले होते. त्यातलं इंग्रजी कुणाला कळेना, म्हणून त्याची बायको वत्सला माइक लावून वरून आपल्या बोलीत बोलायची. कॅसेटवर दोन्ही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर राहायचे.

वत्सला वारून दोन वर्षं झाली, तरी तिचा आवाज यादवला ऐकवेना. म्हणून नाशिकला कॅसेटींच्या सीडी करायला टाकताना त्यानं नुसतं इंग्रजीच घ्यायला सांगितलं.

पुढच्या अमावस्येला सीडी लावून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच लखन हमाल म्हणाला, "यादवभाऊ, वहिनी कुठंय?"

"चित्र बघ की, किती साफ हाय."

"चित्राला काय चाटायचंय? पाळणा वर गेला की वहिनी म्हणायची, 'धरून बसा रं, उतरवायला कुनी येनार नाय.' त्याच्यासाठी येतो आमी."

म्हातारा दगडू म्हणाला, "हा गोरा लय बोलतो, पर आपल्याशी नाय बोलत."

 यादवनं माळ्यावरची कॅसेट काढून जुन्या व्हीसीआरमध्ये घातली. हेड झिजलेलं होतं, पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. वत्सलाचा आवाज मात्र स्वच्छ होता.

यादव बाहेर निघाला होता, तो दारातच खाली बसला. हमालांबरोबर त्यानं ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली.