ग्रहतारे मंडळाच्या बाई

महानंदा बिरादार बाई आमच्या अहमदपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. मी तिथंच गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात त्यांची चेष्टा करतो. बाईंनी नांदेडला विद्यापीठात ताऱ्यांच्या प्रकाशावर पीएच.डी. केली. "बाई, तो प्रकाश अहमदपुरात कधी पोचणार?" असं मी विचारलं की त्या खळखळून हसायच्या. हल्ली मी विचारत नाही.

देशभरातल्या खगोलशास्त्रज्ञांची एक संस्था आहे. बाई तिच्या सभासद झाल्या. ही मंडळी अधिवेशनाला जमतात, एकमेकांचं काम तपासतात, नव्या पोरांना मंचावर बोलायला लावतात. पहिल्या अधिवेशनाहून बाई परत आल्या त्या वेगळ्याच तोऱ्यात. एक नावाजलेले प्राध्यापक तिथं मंचावर उभे राहून म्हणाले होते, "मी मागच्या खेपेला इथं सांगितलं ते चुकीचं होतं. माझंच मोजमाप चुकलं." आणि सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. "सर, चूक सांगितली म्हणून टाळ्या!" हे सांगताना बाईंचे डोळे भरून आले. मी म्हणालो, आपल्याकडे चूक कबूल केली की मेमो मिळतो.

बाईंचा धाकटा भाऊ व्यंकट गावाकडं शेती बघतो. बहिणीचा त्याला भारी अभिमान. सभासदत्वाची बातमी कळताच त्यानं बसस्टँडसमोर हे मोठं फ्लेक्स लावलं. वर गणपती, मधोमध कडीवाला शनी, शनीच्या खांद्यावर बाईंचा पासपोर्ट फोटो, खाली होतकरू पुढाऱ्यांची रांग. आणि ठसठशीत अक्षरांत: 'अखिल भारतीय ग्रहतारे मंडळावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. बाई हसून हसून बेजार झाल्या. मी म्हणालो, उतरवून घ्या, लोक भलतंच समजतील. "राहू द्या हो, व्यंकटला वाईट वाटेल," त्या म्हणाल्या.

लोक भलतंच समजले. पत्रिका घेऊन माणसं दाराशी येऊ लागली. बाई त्यांना चहा पाजायच्या, आमची संस्था भविष्य बघत नसते असं सांगायच्या, आणि माणसं तोंड वाकडं करून जायची. एवढ्या मोठ्या मंडळावर आहे म्हणून बाईला माज आलाय, असं गावात झालं.

व्यंकटची मुलगी तनुजा शिकायला आत्याकडेच होती. बाईंनी तिला लहानपणी गच्चीवर नेऊन दुर्बिणीतून मंगळ दाखवला, तेव्हा ती म्हणाली होती, "आत्या, ह्यो तर नुसता लाल ठिपका हाय. ह्याला काय भ्यायचं?" हे वाक्य बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं होतं. पुढं तनुजानं बी.एस्सी. केलं आणि देवणीच्या हरिओमचं स्थळ आलं. पोरगा सरळ, नोकरीला लागलेला. दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलं. मग त्यांच्या गुरुजींनी पत्रिका उघडली आणि त्यातून मंगळ निघाला.

हरिओमला वडील नाहीत. घरचे कर्ते म्हणजे चुलते पिराजीकाका. ते सोयरीक मोडायलाच व्यंकटच्या घरी आले होते, पण त्यांच्या मोबाईलमध्ये त्या फ्लेक्सचा फोटो होता. व्यंकटनं बाईंना बोलावून घेतलं. बाईंना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी.

"आमचे गुरुजी पडले गावचे," पिराजीकाका म्हणाले. "तुमचं मंडळ देशाचं. तुमी सांगा बाई, अडचण हाय का न्हाई?"

"काका, आमची संस्था पत्रिका बघत नसते. आम्ही तिथं..."

"अक्का," व्यंकट मध्येच म्हणाला, "इचारलं तेवढंच सांग की."

बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं तनुजा उभी होती. हातात चहाचा ट्रे होता आणि नजर आत्यावर.

"काही अडचण नाही," बाई म्हणाल्या.

पिराजीकाकांनी हात जोडले. मंडळानं सांगितल्यावर इषय मिटला, असं म्हणाले. साखर वाटली गेली. परतीच्या वाटेवर बाईंनी मला विचारलं, "मी खोटं नाही ना बोलले?" नाही, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

लग्न होऊन वर्ष झालं नसेल, उदगीरच्या रस्त्यावर हरिओमची मोटारसायकल खडीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन होऊन आत सळई बसवली. चालेल, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तेवढी वाट कोण बघतो? मंगळ भोवला म्हणून तनुजाला माहेरी आणून सोडलं. ती आत्याकडं आली आणि अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

"मी देवणीला जाऊन चूक सांगणार," बाई म्हणाल्या. "मी त्या दिवशी गुरुजीच्या जागी बसले. ती माझी जागा नव्हती."

मी भडकलो. "बाई, ते तुमचं सभागृह नाही! तिथं टाळ्या वाजवायला कोणी बसलेलं नाही!"

पण त्या ऐकेनात. मग गाडी काढली, काय करणार?

देवणीत पिराजीकाकांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली. मग शांतपणे विचारलं, "तुमीच म्हनलात, अडचण न्हाई. मग ही कुठून आली?"

"रस्त्यावर खडी सांडली होती, काका. मंगळाचा त्यात काही संबंध नाही. पण तुम्ही मला पत्रिका बघणारी समजून विचारलंत. ते मला कळत होतं आणि मी गप्प बसले. तेवढी माझी चूक. माझ्या चुकीची शिक्षा पोरीला देऊ नका."

बाईंनी हात जोडले. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. शेजारच्या खोलीत हरिओम पडून होता, मधे फक्त पडदा. त्याला सगळं ऐकू जात असणार. तो बोलेल म्हणून मी कान लावून होतो. तो काही बोलला नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

"म्हंजी मंगळ न बघताच सांगितलंत," पिराजीकाका म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. "आमी गुरुजीचं ऐकलं न्हाई, तुमचं ऐकलं. लई इस्वास ठिवला हो बाई. आता पोरीला हिकडं धाडू नका."

आम्ही उठलो.

परत येताना मी संस्थेतल्या कोणाला तरी बोलवा, एखादं व्याख्यान ठेवा, असं काहीबाही बडबडत होतो. "ते येतील हो," बाई म्हणाल्या. "ते आनंदानं येतील. आता ऐकणार कोण?"

घरी पोचलो तेव्हा तनुजा उठून ओट्यावर बसली होती. देवणीहून तिच्या बापाला फोन आला होता आणि बापाचा तिला. बाई चपला काढत होत्या.

"आत्या," ती म्हणाली, "आता तरी खरं सांग. मला मंगळ होता ना?"

मी बाईंकडं पाहिलं. त्या तिच्याजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला.

"नव्हता गं. मंगळ कोणालाच नसतो."

तनुजानं हळूच हात सोडवून घेतला.

"तवा बी तू असंच म्हनली होतीस," ती म्हणाली आणि आत गेली.