मयुरीचा आजार आणि अंबाड्याचा आरसा

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले, पडदा सारून बाहेर डोकावून शांतपणे विचारलं, "तिथं ब्लीच कुणी लावलं?"

मी बाभुळगावला ब्युटी पार्लर चालवते. ब्लीच म्हटलं की माझे कान उभे राहतात, पण हा शब्द यवतमाळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीच्या खोलीत ऐकू येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी आत गेले. टेबलावर माझी भाची मयुरी तोंडावर ओढणी घेऊन पडली होती. ओढणीखालून बारीक आवाज आला, "आत्याच्या कपाटातलं होतं."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. म्हणजे कातडीला न सोसणारी वस्तू लागली की ती भाजल्यासारखी लाल होते, सुजते, सोलते. त्यावर युरिनरी ट्रॅक्ट इन्फेक्शनची शंका. म्हणजे लघवीच्या मार्गात जंतू.

हे मयुरीला विचारूनच लिहिते आहे. तिची अट एवढीच, "नाव बदल, अन् मले बारीक दाखव." तर मयुरी बारीक आहे, तेवीस वर्षांची आहे, बी.कॉम. झालेली आहे आणि तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं.

सुरुवात जळजळीपासून झाली. लघवीला गेली की डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर यायची. दिवस उन्हाचे, म्हणून मी छातीठोकपणे निदान केलं की पोरीला उन्हाळी लागली. भावानं साठवलेली पळसफुलं भिजत घातली. वहिनीनं जिऱ्याचं पाणी सुरू केलं. शेजारच्या काकूंनी मुतखडा ठरवला आणि पानफुटीची पानं घेऊन आल्या. घरात औषधांचा बाजार भरला, आणि जिच्यासाठी भरला ती घोटभर पाणीही घेत नव्हती. पाणी प्यालं की लघवी येणार, लघवी आली की आग होणार, हा तिचा हिशेब. मग ताप चढला. तापातच तिनं सांगून टाकलं, लग्न मोडून टाका. कारण विचारलं की भिंतीकडे तोंड.

मुलाबद्दल काही वाईट कानावर आलं का, म्हणून वहिनी रडकुंडीला आली. मी मयुरीला गाडीत घातलं आणि सरळ यवतमाळ गाठलं.

आता टेबलावर ती बोलली. डॉक्टरांशी नाही, माझ्याशी. "आत्या, माहं तिथलं बरोबर नाही. काळं हाय. एक बाजू लांब, एक आखूड. मोबाईलवर दाखवतात तसं नाही. तो पाह्यन अन् मले वापस पाठवन."

भुवईच्या एका केसावर मी दहा मिनिटं व्याख्यान देऊ शकते. चेहऱ्याच्या इंचाइंचाला माझ्या धंद्यात नाव आहे. याला मात्र आम्ही सगळ्या जन्मभर "तिकडे" म्हणत आलो.

डॉक्टरांनी विचारलं, "छोटा आरसा आहे का कुणाकडे?"

पार्लरवालीच्या पर्समध्ये नसेल तर कुणाच्या असेल? अंबाडा घातल्यावर नवरीला मागची बाजू दाखवायचा माझा दांडीचा आरसा मी पुढे केला. तो मयुरीच्या हातात गेला आणि मी पडद्याबाहेर गेले. कान आतच ठेवले.

"हा सगळा बाहेरचा भाग म्हणजे व्हल्वा," डॉक्टर सांगत होत्या. "योनी आत असते. हे आतले ओठ, लेबिया मायनोरा. वयात येताना ते वाढतात. कुणाचे लांब, कुणाचे आखूड, आणि दोन्ही एकसारखे क्वचितच असतात. बाकीच्या अंगापेक्षा रंग गडद असणं हेही नेहमीचंच. वर हे युरेथ्रा, लघवीचं छिद्र. खाली योनीचं."

"म्हणजे दोन वेगवेगळी?" मी पडद्याबाहेरून विचारलं.

माझी दोन बाळंतपणं झालेली आहेत, हे डॉक्टरांना मी आधीच मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं. मग मयुरी हसली. कित्येक दिवसांनी तिचं हसू ऐकलं. पार वेटिंगपर्यंत गेलं असेल.

"तुम्हाला चित्र काढून देते, आत्याबाई," डॉक्टर म्हणाल्या.

हसू ओसरल्यावर मयुरीनं हळूच विचारलं, "मॅडम, ऑपरेशन करा लागन काय?"

"कशाचं? सगळं जागच्या जागी आहे. भाजलंय तेवढं बरं करायचं."

युरिन कल्चर केलं, म्हणजे लघवीत कोणते जंतू आहेत आणि कोणतं औषध त्यांना लागू पडेल याची तपासणी. अँटिबायोटिक आणि साधं मलम दिलं. साबण, सुगंधी वॉश, क्रीम सगळं बंद. बाहेरून साधं पाणी पुरे, आतला भाग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. भरपूर पाणी प्यायचं, लघवी दाबून धरायची नाही. ताप उतरला, कातडी हळूहळू भरून आली. काकू अजूनही म्हणतात की पानफुटीनंच गुण आला. मी वाद घालत नाही, त्यांची पानं मोठ्या मायेनं आली होती.

पोरींनो, खाज, आग, वेगळा वास, गाठ किंवा जखम दिसली तर लाज घरी ठेवा आणि डॉक्टरकडे जा. पण रंग आणि आकार हा आजार नाही. माझ्या पार्लरमध्ये नवऱ्या येतात आणि कानाशी येऊन विचारतात, "ताई, तिकडचं पण करता काय?" मी ब्लीचची डबी वरच्या फळीवर ठेवते, त्यांना खुर्चीवर बसवते आणि डॉक्टरांनी काढून दिलेलं चित्र समोर धरून शिकवणी घेते. चहा देते, फी घेत नाही.

मयुरीचं लग्न ठरलेल्या घरीच झालं. साज मीच केला. अंबाड्यावर गजरा बसवला आणि दांडीचा आरसा मागे धरला. तिनं आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्या, हा तोच न वं?"

"तोच."

"धुतला न?"

मंडपातून बोलावणं आलं तरी आम्ही दोघी हसत होतो. काजळ पसरायला लागलं, मी घाईघाईनं टिपलं आणि म्हटलं, "बाई, आता तरी अंबाडा पाह्य नं."

तिनं पाहिलाच नाही. आरसा माझ्या हातातून घेतला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला.

"सगळं जागच्या जागी हाय," ती म्हणाली आणि मंडपाकडे निघाली.