पेंढ्याखालची रिक्षा

ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. खात्यात असताना मी बरंच काही पाहिलं. खाडीतून बाहेर काढलेली प्रेतं पाहिली, बांधाच्या वादात सख्ख्या भावांनी एकमेकांवर चालवलेले कोयते पाहिले. त्यातलं काहीही माझ्या झोपेत येत नाही. येते ती एक बंद खोली, जिच्यात कुणी मेलं नव्हतं की कुणाला साधी मारहाणही झाली नव्हती. नोकरी शिल्लक असताना स्वेच्छानिवृत्ती का घेतली, असं लोक विचारतात तेव्हा मी रक्तदाबाचं कारण सांगतो. आज खरं लिहितो. नाव मात्र कुणाचंच देणार नाही.

लॉकडाउनचे दिवस होते. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी पटांगणात, अंतर ठेवून व्हायची. पंचावन्न ओलांडलेल्या हवालदारांना घरी बसवलेलं. उरलेल्यांतले निम्मे शीळफाट्याच्या नाक्यावर आणि बाकीचे चौकाचौकांत काठ्या घेऊन उभे. गावी जाण्यासाठी लागणाऱ्या पासांचे आमच्या हद्दीतले अर्ज माझ्याकडे तपासायला येत. ठाण्यातला फोन सारखा वाजत असे. आधी तक्रारी यायच्या त्या गर्दीच्या. पुढे पुढे बायका फोन करून हळू आवाजात विचारू लागल्या, “साहेब, धान्यवाटप कुठे आहे?” आणि नाव विचारलं की फोन ठेवून देत.

भाड्यासाठी कुणाला घराबाहेर काढू नये, असा आदेश आला होता. कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभाही जाहीर झाली होती. हजेरीला हे सगळं आम्हाला वाचून दाखवलं होतं. वाचून दाखवलं, एवढंच म्हणतो.

एके दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एक तरुण आवाज होता.

“साहेब, गावठाणातली शेवटची चाळ. चार नंबरची पार्टी आत आहे. बाहेरून कुलूप आहे. मालकाने भाड्यासाठी कोंडून ठेवलंय, बायका-पोरं आहेत.”

“आपण कोण?”

“शेजारीच समजा ना.”

फोन कट झाला. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दोन शिपाई घेऊन निघालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. दूध आणायला निघालेल्या माणसांवर काठ्या उगारून हात विटले होते. भाडं थकलं म्हणून कुटुंबाला डांबणारा चाळमालक पकडणं, हे काम तरी स्वच्छ होतं.

चाळमालक साठीचे आगरी गृहस्थ. शेती बिल्डरांच्या टॉवरांखाली गेलेली, उरल्या तुकड्यावर आठ खोल्यांची चाळ आणि बाजूला बैल नसलेला गोठा. बनियनवर टॉवेल टाकून बाहेर आले. मी त्यांना काका म्हणालो, पण त्या काकात आदर नव्हता.

“काका, चार नंबरमध्ये कोण राहतं?”

“रिक्षावाला हाय एक. गावाला गेलाय.”

“गाव कुठलं?”

“सातारकडं कुटंतरी.”

“गेला कशाने?”

ते थांबले. मग म्हणाले, “रिक्षानं.”

आता आमच्याकडे ‘गावाला गेलेत’ हे असं उत्तर आहे की त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. दारावर कुलूप दिसलं की गावाला गेले असतील, विषय संपला. दर उन्हाळ्यात अर्धी डोंबिवली गावालाच असते. पण त्या वर्षी ही थाप निदान पोलिसासमोर तरी टिकण्यासारखी नव्हती. त्या चाळीतून पासाचा एकही अर्ज माझ्याकडे आला नव्हता. आणि बिनपासाची रिक्षा शीळफाट्यावरून सोडली असती तर नाक्यावरच्या आमच्याच पोरांनी वरिष्ठांची बोलणी खाल्ली असती.

“काका, पास कुठाय त्याचा? मी दिलेला नाही.”

मी चार नंबरचं दार ठोठावलं. आत सगळं गप्प. दाराखालच्या फटीत आतून फडकं कोंबलेलं दिसलं. मी परत फिरणार एवढ्यात आत कुणीतरी खोकलं. लहान मुलाचा खोकला, उशीत तोंड खुपसून दाबलेला.

काकांनी डोळे मिटले.

“किल्ली द्या.”

“नाय देनार, साहेब.”

“डांबून ठेवल्याचा गुन्हा होतो हा. आत जाल.”

“जाईन ना. शब्द दिलाय मी.”

“कुणाला?”

मी त्यांना अंगणात उन्हात उभं केलं. हात लावला नाही, पण आवाज पुरेसा लावला. चाळीतली माणसं दारांच्या फटींतून बघत होती आणि मला ते हवंच होतं. या वयात भाड्यासाठी पोरांना कोंडता, लाज वाटत नाही का, असं मी मोठ्याने म्हणालो. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण तोंड उघडलं नाही. मला तो माज वाटला. अनुभवाने सांगतो, पोलिसासमोर माजाने गप्प बसलेला माणूस आणि शब्दाखातर गप्प बसलेला माणूस अगदी सारखे दिसतात. फरक ओळखायला थोडं थांबावं लागतं. मी थांबलो नाही. दोन पंच बोलावले, पहारीने कुलूप तोडायला लावलं.

आत काळोख होता. भिंतीला टेकून ओळीने चौघे बसलेले. रिक्षावाला, त्याची म्हातारी आई, बायको आणि सातेक वर्षांची मुलगी. बायकोचा हात मुलीच्या तोंडावर होता. खोलीत टीव्ही होता, त्यावर चादर टाकलेली. ओट्यावरच्या कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. मागच्या खिडकीत ताट होतं, त्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, काकांच्या घरचं.

मी म्हणालो, “घाबरू नका. पोलीस आहेत. या बाहेर.”

कुणी हललं नाही. मग ती बाई म्हणाली, “साहेब, दार लावा ना. कुलूप लावा परत.”

मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

“तुम्हाला कोंडलं कुणी?”

“कोंडलं नाय ओ,” रिक्षावाला म्हणाला. “आम्हीच सांगितलं काकांना लावायला. फायनान्सवाले रोज येऊन बसतात दारात. धंदा बंद, हप्ता कुठून देऊ? रिक्षा ओढून नेतो बोलले. मग म्हटलं गावाला गेलो सांगा. चालू झालं ना सगळं, की भरतो एकेक करून. पळून नाय चाललो.”

मी अजून त्याच्याकडे बघतच होतो, तेवढ्यात गोठ्यातून माझ्या शिपायाचा आवाज आला. आणखी कुणाला लपवलंय का ते बघायला मीच त्याला तिकडे धाडलं होतं. “साहेब, इकडे रिक्षा आहे! पेंढ्याखाली!”

आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, “थँक यू साहेब. आता पार्टीशी मी बोलतो.”

वळून पाहिलं. हेल्मेट हातात घेतलेला, पाठीला बॅग लावलेला एक तरुण. चाळीच्या तोंडाशी टोइंगची गाडी उभी. काचेवर ‘अत्यावश्यक सेवा’ असा कागद चिकटवलेला.

पार्टी. शेजारचं कुटुंब आत अडकलं तर शेजारी म्हणेल, वहिनी आत आहेत, पोरगी आत आहे. पार्टी म्हणतो तो वसुलीवाला. सकाळी फोनवर हा शब्द मी कानांनी ऐकला होता, स्वतः डायरीत उतरवून घेतला होता. फायनान्सवाल्यांना कुलूप तोडता येत नव्हतं, गोठा धुंडाळता येत नव्हता. ते काम त्यांनी माझ्याकडून, सरकारी पहारीने, पंचांसमक्ष करून घेतलं होतं. मी बाहेर येऊन पोलीस जीपच्या बॉनेटला हात टेकून उभा राहिलो.

काका उन्हातून हलले नव्हते. “आता जाऊ का साहेब सावलीत?” त्यांनी विचारलं. टोमणा होता की खरंच विचारत होते, मला आजही ठरवता आलेलं नाही.

इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा.

त्या तरुणाला जागच्या जागी अडवता आलं असतं. हप्ते पुढे ढकलायची मुभा असताना रोज दारात बसून धमकावणं, पोलिसांना खोटी माहिती देणं, काचेवरचा तो कागद, यातलं काहीही पुरलं असतं. पण त्याने बॅगेतून कागद काढले, वर कुणाला तरी फोन लावून माझ्याकडे धरला. फोनवरचा माणूस वरिष्ठांची नावं घेऊन बोलत होता. मला वाद नको होता. आणि मला एक युक्ती सुचली. अजून वाटतं, त्या क्षणी मी स्वतःवर खूशच झालो होतो.

“रिक्षा तुम्हाला नेता येणार नाही,” मी म्हणालो. “ती गुन्ह्यात जप्त आहे.”

“कसला गुन्हा?”

“संचारबंदीत रस्त्यावर फिरवली.”

रिक्षावाला चमकला. “साहेब, मी तर बाहेरच—”

“गप रे,” मी हळूच म्हणालो. “तुझ्यासाठीच करतोय. मुद्देमाल झाली की तिला कुणी हात लावू शकत नाही. माझ्या ठाण्यात राहील, सुरक्षित.”

वसुलीवाला हात चोळत निघून गेला. रिक्षावाल्याच्या बायकोने मला हात जोडले. मी पंचनामा लिहिला, त्यात रिक्षा गोठ्यातून उचलून रस्त्यावर आणली. खोटं लिहिलं. आदेशभंगाच्या गुन्ह्यात त्या माणसाला आरोपी केलं आणि त्याने विश्वासाने सही केली. काकांचा जबाब घेऊन प्रकरण मिटवलं. माफी मागितली नाही. रिक्षा धक्का मारत ठाण्याच्या आवारात, नाल्याकडच्या भिंतीलगत, जप्त गाड्यांच्या रांगेत लावली.

आठवडाभरात मला ताप आला. ठाणे शहरातल्या रुग्णालयात होतो. बरा झाल्यावर बंदोबस्त माजिवड्याला लागला. रिक्षावाल्याचा फोन येई.

“साहेब, गाडी सोडा ना. लोक कामावर चाललेत आता. फायनान्सचा हप्ता भरायचाय.”

“कोर्टाचा आदेश लागतो रे. कोर्ट नीट सुरू होऊ दे.”

“पण तुम्हीच तर ठेवली ना?”

“ठेवली, म्हणून लगेच सोडता येत नाही.”

पुढे पुढे मी त्याचा फोन उचलायचं सोडलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तो मधल्या काळात भाजीची हातगाडी ढकलत होता, हे मला नंतर कळलं.

गाडी सोडायचा कोर्टाचा आदेश आला तेव्हा मी मूळ ठाण्यात परतलो होतो. तो, त्याची बायको आणि काका, तिघे आले. काकांनी ओळखीचा टेम्पो आणला होता. कशासाठी ते मला कळेना. रिक्षा चालवतच नेतील की. मग आम्ही भिंतीकडे गेलो.

नाल्याचं पाणी आसनांपर्यंत चढून उतरलं होतं. बॅटरी नव्हती, मीटर नव्हता, मागची दोन्ही चाकं नव्हती. कुणी नेली ते विचारण्यात अर्थ नव्हता, आवाराला चोवीस तास पहारा असतो. हुडाला धरून एक वेल पार हँडलपर्यंत आलेली. काका आधीच येऊन भिंतीवरून बघून गेले असणार, म्हणूनच टेम्पो.

रिक्षावाला बराच वेळ हँडलवर हात ठेवून उभा राहिला. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोलली ती त्याची बायको. “त्यांनी नेली असती ना साहेब, तर कुणीतरी चालवली तरी असती. रस्त्यात दिसली असती. कर्ज तरी कमी झालं असतं.”

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “माजे गोठ्यान व्हती. एक नट हालला नसता.”

हवालदाराने ताबा पावती पुढे केली. छापील नमुना असतो, त्यात फक्त नाव आणि गाडीचा क्रमांक भरायचा. रिक्षावाल्याने ती वाचली. बोटाने एक ओळ दाखवली. “इथे लिहिलंय, वाहन सुस्थितीत मिळालं.”

“तसाच नमुना आहे सगळ्यांना,” मी म्हणालो.

“खोडू का?”

खोडलं तर चौकशी लागणार होती. चौकशीत आवार कुणाच्या ताब्यात होतं ते निघालं असतं, आणि मग रिक्षा मुळात रस्त्यावर होती की गोठ्यात, हेही. मी म्हणालो, “खोडलंस तर परत कोर्ट. आणखी सहा महिने जातील.”

त्याने सही केली.

टाळेबंदीत घरं वाचवायला सरकारने जे कागद काढले, ते सगळे त्या दिवशी माझ्या खिशात होते. ते घेऊन मला फक्त त्या वसुलीवाल्यासमोर उभं राहायचं होतं. ते अवघड वाटलं, म्हणून जो माणूस मला विरोध करू शकत नव्हता त्याच्यावर कारवाई केली आणि तिला संरक्षण म्हणालो. कुलूप बाहेरून कुणी लावलं, एवढंच शोधायला मी गेलो होतो. ती माणसं एकमेकांना कशी सांभाळत होती, हे मला बघताही आलं नाही. माझ्यापेक्षा त्यांचा बंदोबस्त चांगला होता.

पावतीवर त्याच्या सहीखाली साक्षीदाराची जागा असते. हवालदाराने पेन माझ्याकडे दिलं, मी सही केली. मग आम्ही चौघांनी मिळून रिक्षा टेम्पोत चढवली. फार जड नव्हती.