आम्ही कानवाले

गेल्या आठवड्यात ओंकारचा फोन आला. "केतकी, सावर्ड्याच्या शिबिराचं कुणाला सांगितलं की लोक म्हणतात फेकतोय. तू एकदा सगळं लिहून काढ गो!" मी म्हटलं, कशाला? पण फोन ठेवला आणि एकामागून एक आठवायलाच लागलं. त्या त्या वेळी चिडलो, कँटीनमध्ये चहा प्यायलो आणि विसरलो असं वाटलं होतं. कसलं विसरतोय! दोन वर्षांचा सगळा राग जसाच्या तसा शिल्लक आहे.

आधी थोडी ओळख. रत्नागिरीत आमच्या संस्थेची एकच इमारत. तळमजल्यावर कर्णबधिर मुलांची शाळा, वरच्या मजल्यावर आमचं कॉलेज. मी आणि ओंकार ऑडिओलॉजीचे, म्हणजे कान तपासायचे आणि ऐकायची यंत्रं बसवायची. मयूरी स्पेशल एज्युकेशनची, म्हणजे त्या मुलांना शिकवायचं. तिघांचंही पदव्युत्तर. बाहेर आम्हाला एकच नाव, 'कानवाले'.

मयूरी स्वतः जन्मापासून बहिरी. नाटे गावची, मच्छीमार घरातली. ती लहानपणी खालच्याच शाळेत शिकली आणि तिला तिथंच टीचर व्हायचं होतं. बहिऱ्या मुलांच्या त्या शाळेत आजवर एकही बहिरी टीचर नव्हती! हे आधीच सांगून ठेवते, कारण संस्थेशी आमची निम्मी भांडणं त्यावरूनच झाली.

*

सुरुवात घरापासून. चुलत बहिणीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून एक काका थेट माझ्याकडे आले, मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या हातात दिला आणि कान पुढे केला. "बघ गो, डाव्या कानात कायतरी वळवळतंय."

मी म्हटलं, "काका, मी मळ काढत नाही. मी ऐकू किती येतं ते तपासते."

काकांनी टॉर्च बंद केला. शेजारच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग सहा वर्षं शिकलीस काय?"

आईसुद्धा हसली! तिच्याशी मी परतीच्या गाडीत बोलले नाही.

*

आता सावर्डे. मोफत श्रवण तपासणी शिबिर. आमच्या तपासणीत मशीनमधून बारीक बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आला की माणसानं बोट वर करायचं. त्यासाठी शांत खोली लागते. पत्रात लिहिलं होतं, फोनवर दोनदा सांगितलं होतं. आयोजक म्हणाले, "शांत म्हणजे काय, एकदम शांत खोली आहे!"

खोली हायवेला लागून. एका भिंतीपलीकडे ट्रक, दुसऱ्या भिंतीपलीकडे स्टेज. स्टेजवर एक जण सकाळी नऊपासून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करत होता. साडेदहा वाजले तरी त्याचं टेस्टिंग संपेना. माझ्यासमोरच्या आजी प्रत्येक 'हॅलो'ला बोट वर करत होत्या.

ओंकार बाहेर जाऊन आयोजकांना म्हणाला, "दादा, एवढ्या आवाजात आम्ही तपासणार कसं?"

दादा शांतपणे म्हणाले, "त्यात काय? एवढ्या आवाजात ज्याला तुमची शिट्टी ऐकू आली तो पास!"

*

त्याच शिबिरात दुपारी यंत्रवाटप. खरं तर यंत्र म्हणजे चष्म्याच्या दुकानातून उचललेला गॉगल नव्हे. कानाचं माप घ्यावं लागतं, ज्याला जेवढं कमी ऐकू येतं तेवढं ते जुळवावं लागतं. म्हणून आम्ही सांगितलं होतं, आज फक्त यंत्रं दाखवा, बसवायला आम्ही पुढच्या आठवड्यात येतो. यंत्रांचे सेलसुद्धा आम्ही काढून ठेवले होते. सगळे सेल ओंकारच्या खिशात.

प्रमुख पाहुणे आले. त्यांनी सात वर्षांच्या एका पोराला पुढे ओढलं, कॅमेऱ्याकडे बघत त्याच्या कानावर यंत्र अडकवलं आणि वाकून विचारलं, "काय बाळ, येतंय ना ऐकू?"

आईनं पोराला मागून ढोसलं. पोरानं मान हलवली. टाळ्यांचा कडकडाट! पाहुण्यांनी रुमालानं डोळे पुसले. ओंकार माझ्या शेजारी खिशातले सेल खुळखुळवत उभा.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि खाली मथळा: 'आणि त्याच्या कानी पडला पहिला शब्द!' ओंकारनं ते कात्रण होस्टेलच्या कपाटाला चिकटवलं. मी म्हटलं फाडून टाक. तो म्हणाला, "राहू दे. आपल्याला कधी वाटलं ना की आपण लय काम केलं, तर बघायला."

*

पोफळीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथं चार वर्षांची अन्वी. वर्षापूर्वी दुसऱ्याच कुठल्या तरी शिबिरात तिला यंत्र मिळालेलं, पण बोलण्यात काडीची प्रगती नाही. कॉलेजातल्या आमच्या मॅडमनी मला आणि मयूरीला तिच्या घरी पाठवलं.

मी विचारलं, "यंत्र कुठाय?"

अन्वीची आई हात धुऊन आत गेली आणि देवघरातून डबी घेऊन आली. डबीला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. यंत्र आत कोरं करकरीत.

"एकदापण हाताळली नाय ताय," ती कौतुकानं म्हणाली. "सायेब बोलले, लय महाग हाय, जपा. म्हणून देवाजवळ ठेवली."

त्या बाईला काय बोलणार? तिला सांगितलं ते तिनं मनापासून केलं. 'जपा' म्हणून सांगणारे भेटले होते, 'घाला' म्हणून सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं. पोरीचं शिकायचं एक अख्खं वर्ष त्या डबीत गेलं.

मयूरी खाली बसली, अन्वीला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या कानावरचं यंत्र काढून तिच्या हातात दिलं. अन्वीनं ते चाचपलं, आईला दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे बोट केलं. आम्ही निघालो तेव्हा आई दारात उभी राहून सारखं म्हणत होती, "मना कुणी सांगितलंच नाय वो."

*

हा किस्सा माझ्यावरच आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

होस्टेलच्या मेसमधला पहिला आठवडा. ओंकारनं काहीतरी फालतू जोक मारला आणि सगळं टेबल खिदळायला लागलं. मयूरीनं माझ्या कोपराला हात लावला. काय झालं? मी हसत हसतच तिला म्हटलं, "नंतर सांगते."

तिनं फोन काढला, टाइप केलं आणि माझ्यासमोर धरला. 'ओठांवरून मला सगळ्यात पटकन ओळखू येणारे दोन शब्द. घरी आठ माणसं जेवायला बसतात. बाबा, आई, काका, सगळे हेच म्हणतात. तेवीस वर्षं झाली. ते नंतर कधी येतं?'

बहिऱ्यांसाठी काम करायचं शिकायला आलेली मी! दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून खुणांची भाषा शिकायला लागले. आधी शाळेतल्या पोरांनी मला खुणेतलं नाव दिलं, हातानं वेणी दाखवायची. तिथं प्रत्येकाला असं नाव असतं. संस्थेचे अध्यक्ष बोलताना सारखा तोंडावर हात धरतात, म्हणून त्यांचं नाव 'तोंडावर हात'. त्यांना बिचाऱ्यांना हे अजून ठाऊक नाही.

*

मयूरीची पाठ-परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, खालच्या शाळेतला तिसरीचा वर्ग, मागे बाकावर दोन टीचर आणि मी. म्हणजे मोठ्या माणसांत ऐकू येणारे आम्ही चौघं आणि ऐकू न येणारी एकटी मयूरी.

परीक्षकांनी सुरुवातीलाच तिच्याकडे न बघता मला विचारलं, "हिला ऐकू येत नाही, मग मुलांना ऐकू येतंय की नाही हे हिला कसं कळणार?"

मयूरीनं पाठ सुरू केला. मासळी बाजारावर होता, चित्रं तिनं स्वतः काढलेली. मध्येच ती थांबली, दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे गेली, तिचं यंत्र काढलं, सेल बदलला, परत घातलं आणि पाठ पुढे चालू. त्या मुलीचा सेल संपला होता. आम्हा चौघांपैकी एकालाही पत्ता नव्हता! मुलीची नजर भिरभिरायला लागली एवढ्यावरून मयूरीनं ओळखलं.

निकालाबरोबर शेरा आला: 'मध्येच थांबल्याने पाठात व्यत्यय. दोन गुण वजा.'

मी शेरा घेऊन मॅडमकडे भांडायला निघाले तर मयूरीनंच मला मागे ओढलं. म्हणाली, दोन गुण जाऊ देत, पोरीचा तास गेला नाही.

*

ते दोन गुण जाऊनही मयूरी पहिली आली. त्याच सुमाराला खालच्या शाळेत टीचरची एक जागा निघाली होती. तिनं अर्ज दिला. महिना झाला, उत्तर नाही, म्हणून आम्ही दोघी अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेलो. ते तोंडावर हात धरून माझ्याशीच बोलत होते. "काय गो, हुशार आहे पोरगी. पण पालक काय म्हणतील? फोन कोण घेणार?" वगैरे. शेवटी मात्र हात खाली आला. "तिला म्हणावं, बघू. नंतर सांगतो."

मी खुणा करायला हात उचलला. मयूरीनं मान हलवली. नको, कळलं. हाताआडचं बोलणं तेवढं मी तिला बाहेर पडल्यावर सांगितलं.

नोकरीचं उत्तर आलंच नाही, पण पहिली आल्याबद्दल तिच्या सत्काराचं पत्रक आलं! बॅनरवर अध्यक्षांचा फोटो मोठा, मयूरीचा छोटा. मी खुणांनी तिला भाषण सांगायला स्टेजवर उभी राहिले तर फोटोग्राफरनं मला बाजूला व्हायला लावलं. "ताई, फ्रेममध्ये येताय." अध्यक्ष अर्धा तास बोलले, आम्ही हिला कसं घडवलं ते. समोर पहिल्या रांगेत पाहुणे आणि नाट्याहून आलेले मयूरीचे बाबा. मागे शाळेची सगळी पोरं, अर्धा तास नुसती पंख्याकडे बघत बसलेली.

शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालकानं सवयीनं माईक मयूरीच्या तोंडापुढे धरला. "दोन शब्द बोला!"

मयूरीनं माईक घेतला आणि टेबलावर आडवा ठेवला. मी तिचं बोलणं सांगायला पुढे झाले, तर तिनं हातानंच मला थांबवलं. आज नाही. आणि ती पोरांकडे बघून खुणांनी बोलायला लागली.

मागच्या रांगा ताठ झाल्या. तिनं सेल नसलेल्या यंत्राचं सांगितलं, कापलेल्या दोन गुणांचं सांगितलं, केबिनमधलं 'तोंडावर हात' यांचं सगळं बोलणं जसंच्या तसं करून दाखवलं. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. पहिली रांग आपली इकडे तिकडे बघतेय!

मग तिनं विचारलं, "तुमची टीचर व्हायला मी अर्ज केलाय. उत्तर आलेलं नाही. तुम्हाला चालेन का मी?"

एका क्षणात सगळे हात वर. दोन्ही हात वर करून नुसते हलवायचे, ही त्यांची टाळी. सभागृहात चिटपाखराचाही आवाज नाही आणि छताकडे हातच हात. मयूरीच्या बाबांनी मागे वळून पाहिलं. त्यांना किती कळलं होतं कोण जाणे, पण त्यांनीही आपले दोन्ही हात वर केले.

अध्यक्ष माझ्याकडे झुकले. तोंडावरचा हात खाली घेतला होता. "काय गो, काय म्हणाली ती? पोरं हात कशाला वर करतायत?"

मी म्हटलं, "काही विशेष नाही सर. नंतर सांगते."