लांब घ्यावी की उंच? दोन गाड्या घेऊन जळगाव, धुळे, चोपडा

गेल्या रविवारी भाचीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, सात जणांची लांब फॅमिली गाडी घेऊ की छोटी एसयूव्ही? तीन महिने झाले, माझं डोकं फिरायची वेळ आली आहे." मला इतकं हसू आलं की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हटलं, बाई गं, याच प्रश्नापायी आमच्या घरानं ऐन एप्रिलच्या उन्हात खानदेशात धावाधाव केली होती, तीही एक सोडून दोन गाड्या घेऊन. "मग शेवटी काय ठरलं?" असं तिनं विचारलं. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर रस्त्यांचं आणि खाण्याचंही सांगेन, पण हे सगळं नव्वदीच्या सुरुवातीचं आहे. आता चौपदरी झालेल्या रस्त्यावर माझे खड्डे शोधायला जाऊ नका.

तेव्हा आम्ही जळगावच्या जुन्या भागात राहायचो. मी, आमचे हे, माझे सासरे नाना आणि नानांची थोरली बहीण अक्का. अक्का लवकर विधवा झाली आणि माहेरी परत आली. यांना तिनंच वाढवलं. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. सपाटीवर काठी टेकत ती स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत यायची, पण ओट्याच्या चार पायऱ्या तिला उतरता यायच्या नाहीत. एकदा दोघांनी धरून तिला रिक्षात बसवताना पाडलं होतं. त्यानंतर कुणी उचलायचं नाव काढलं की ती काठीच उगारायची. दोन वर्षं तिचं जग त्या ओट्यावर संपत होतं.

आणि पन्नास किलोमीटरवर, चोपड्याजवळच्या मळ्यात, तिची धाकटी बहीण भीमा खाटेवर पडून होती. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. दोघी दोन वर्षांत भेटल्या नव्हत्या. केळीचे ट्रकवाले इकडचा निरोप तिकडे न्यायचे. एकदा एक ड्रायव्हर ओट्याशी थांबून म्हणाला, "अक्का, भीमाबाईनी इचारेल शे, तू कवय येशी?" कधी येणार, एवढाच प्रश्न. त्या दिवशी अक्का जेवली नाही, आणि आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं ते त्याच दिवशी.

इथवर सगळं सरळ होतं. घोळ झाला तो नानांनी धुळ्याच्या शेठजींना पत्र टाकल्यावर. शेठजींचं धान्याचं दुकान, मूळ घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या धुळ्यातच. जोडीला जुन्या गाड्यांची देवघेव करायचे. नानांशी वीस वर्षांची ओळख होती. उत्तर आलं, "दोन गाड्या आहेत. एक लांब, एक उंच. येऊन पाहा."

नाना, हे आणि मी सकाळच्या एसटीनं निघालो. पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळं गाठायला तीन तास लागले. खिडकीतून येणारा वारा दहा वाजताच भाजत होता. त्या भागात उन्हाळ्यात जायचं असेल तर पहाटेच निघा, आणि डोक्याला ओला रुमाल बांधायची लाज बाळगू नका. मी बांधला होता. यांनी लाज बाळगली आणि दुपारी डोकं धरून बसले.

शेठजींच्या गोदामापुढे दोन्ही गाड्या उभ्या होत्या. एक स्टेशन वॅगन, पांढरी, लांबच लांब, बुटकी, मागची सीट पाडली की आत गादी अंथरता येईल एवढी जागा. दुसरी जीपच्या जातीची, आखूड, उंच, पुढे दोन दारं आणि मागे दारासारखा खाली पाडता येणारा एक फळका, आत समोरासमोर दोन बाकडी. आज हिलाच कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हटलं असतं, तेव्हा आम्ही नुसतं "ती उंच" म्हणायचो.

घरून निघताना नाना उंचीच्या बाजूनं होते, कारण आमच्या शेतात काळी माती, पावसाळ्यात बुटकी गाडी रुतून बसणार. हे लांबीच्या बाजूनं होते, कारण आमच्या घरी पाहुणे एकटे कधी येतच नाहीत. मी दोघांच्या मधे. शेठजींनी दोघांचं ऐकून घेतलं, ताक पाजलं आणि म्हणाले, "नाना, इथे उभं राहून काय कळणार? दोन्ही घेऊन जा. दोन दिवस घरी ठेवा. उंच गाडीसोबत माझा माणूस देतो. जी नको ती तो परत आणेल."

"दोन्ही?" नाना म्हणाले.

"मग काय, अर्धी अर्धी नेता?"

हिशेब नाही, चिठ्ठी नाही. आम्ही एसटीनं गेलो आणि दोन गाड्यांचे धनी होऊन परत फिरलो. मला तर घाबरायलाच झालं. वॅगन हे चालवत होते, उंच गाडी शेठजींचा ड्रायव्हर रहीमभाई. नाना तिच्यात, मी वॅगनमधे.

पारोळ्याच्या अलीकडे एका धाब्यावर शेवभाजी खाल्ली. ती तिखटजाळ लाल तर्री सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. तिथे नाना कंबर चोळत उतरले आणि म्हणाले, "लांबच घेऊ. हिच्यात माझे मणके मोजून झाले." इकडे हे म्हणाले, "छे छे, नाना, उंचच बरी. ही वॅगन प्रत्येक खड्ड्यात पोट घासते." मी कपाळावर हात मारला. दोघांनी गाड्या बदलल्या, रहीमभाई वॅगनवर आला. एरंडोलला चहाला थांबलो तर दोघांनी पुन्हा बाजू बदललेल्या! पद्मालयाच्या फाट्यावर नानांनी गाडीतूनच गणपतीला हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "देवा, तूच काय ते सांग बुवा." मला विचाराल तर मी ज्या गाडीत बसत होते, त्या वेळी मला तीच पटत होती. रहीमभाईला विचारलं, तर तो म्हणाला, "भाभी, माझी म्हणाल तर मला सायकल आवडते."

संध्याकाळी आमच्या गल्लीत दोन गाड्या शिरल्या, तेव्हा सगळी आळी गोळा झाली. बसून पाहिलं नाही असा माणूस उरला नाही, आणि गप्प बसला असाही नाही. अक्का ओट्यावरून हे सगळं बघत होती. तिला मात्र कुणी विचारलं नाही. हे मला आज लिहितानाही खटकतं, कारण मीसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोपड्याला निघायचं म्हणून हे वॅगन दाराशी घेऊन आले. सीट ओट्यापासून इतकी खाली की अक्का वरून पाहून म्हणाली, "ही तं विहीर शे." झालं, सगळ्यांची तोंडं उतरली. मग रहीमभाईनं उंच गाडी उलटी घेत ओट्याला लावली आणि मागचा फळका पाडला. फळका आणि ओटा बरोबर एका पातळीत आले! अक्कानं काठी माझ्याकडे दिली, बसल्या बसल्या सरकत आत गेली आणि बाकड्याला पाठ टेकली. कुणाचा हात लागला नाही. नाना लहान मुलासारखे ओरडले, "उंचच! ठरलं! उंचच घ्यायची!" मला रडू आलं. अक्काच्या मांडीवर सांजोऱ्यांचा डबा होता. आखाजीचा सण आठ दिवसांवर आला होता, आणि तो तिनं आदल्या दिवशीच भरून ठेवला होता.

वॅगन परत करायची तर होतीच, पण घरी ठेवली तर पोरं काचा फोडतील म्हणून हे तीही मागून घेऊन निघाले. असा आमचा तांडा विदगावला तापी ओलांडून गेला. पुलावर अक्का म्हणाली, "हळू चालव रे भो, माले पानी देखू दे." नदीत पाणी थोडंच होतं, पण ती पूल संपेपर्यंत मान वळवून बघत राहिली. पुढे धानोरा, अडावद, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मागे सातपुड्याची निळी रेघ. हा रस्ता कधी केलात तर सकाळीच करा. बागांमधून येणारा गारवा दहानंतर मिळत नाही.

भीमाच्या मळ्यात पोचलो आणि आमची शहाणपणाची सगळी हवा गेली. मळ्यातलं घर जमिनीला टेकलेलं. ओटा नाही, पायरी नाही. अक्का उंच गाडीत, जमीन अडीच फूट खाली. भीमाचा मुलगा सुकलाल धावत आला आणि म्हणाला, "मावशी, आम्ही चौघं उचलतो."

"मी काय पोतं शे का उचलाले?" अक्कानं काठी आपटली.

स्टूल आणलं, ते डुगडुगलं. केळीच्या टोपल्या उलट्या रचल्या, त्या दबल्या. यांनी वॅगन जवळ आणली, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. घरातून भीमाचा आवाज येत होता, अक्का आली का म्हणून, "उनी का वं? कोठे शे ती?" आणि अक्का वीस पावलांवर गाडीत अडकलेली. दोन वर्षं आणि पन्नास किलोमीटर संपले होते, आता हे अडीच फूट संपत नव्हते. माझा इतका जीव तुटला की मी यांच्यावरच खेकसले.

मग अक्काचं लक्ष गोठ्याकडे गेलं. "सुकलाल, गाडी जुंप."

बैलगाडी उलटी करून उंच गाडीच्या फळक्याला लावली. अक्कानं काठी पुन्हा माझ्याकडे दिली आणि सरकत बैलगाडीत गेली. गाडी घराच्या दारापर्यंत नेली. तिथे बैल सोडले आणि सुकलालनं जू दोन्ही हातांनी धरून हळूहळू जमिनीला टेकवलं. गाडी पुढे कलली, तिची घसरगुंडी झाली आणि अक्का बसल्या बसल्या सरकत खाली आली. पाय जमिनीला लागल्यावर तिनं माझ्या हातून काठी घेतली. "आम्ही बठ्ठ्या असंच उतरूत," एवढंच म्हणाली, म्हणजे लहानपणी आम्ही सगळ्या अशाच उतरायचो, आणि आत गेली.

भीमाच्या खाटेवर दोघी दुपारभर बसून होत्या. अक्का तिच्या केसांना तेल लावत होती. सुकलाल चांगला मुलगा होता, पण तो आणि त्याची बायको केळीच्या कापणीला दिवसभर बागेत असायचे. भीमाजवळ पाण्याचा तांब्या ठेवायचे, तो ती कशीबशी उचलायची. अक्कानं तांब्या उचलून पाहिला, तो रिकामा होता.

निघायच्या वेळी अक्कानं नानांना हाक मारली. "नाना, आखाजी कधी शे?"

"आठ दिवसांवर."

"मग बहिणीले न्यायला मुऱ्हाळी कोन येस?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे तिला सासुरवाशिणी माहेरी येतात. सासुरवाशिणीला आणायला माहेराहून माणूस जातो, तो मुऱ्हाळी. ती सोळाची आहे की पासष्टची, हे कुणी विचारत नाही. नानांनी डोक्यावरची टोपी नीट केली, सुकलालसमोर गेले आणि रीतसर म्हणाले, "भाच्या, मी तुझ्या आईला आखाजीला माहेरी न्यायला आलो आहे."

सुकलाल गडबडला. "मामा, लोकं म्हनतीन, आईले मामाकडे धाडी दिनी."

"लोकांना म्हणावं, मुऱ्हाळी आला होता."

सुकलालनं डोळे पुसले आणि आईची गोधडी काढली. वॅगनची मागची सीट पाडली, गादी अंथरली. चौघांनी गोधडीची चार टोकं धरून भीमाला उचललं. ती कुरकुरली नाही, उलट म्हणाली, "धीरे रे, नवरीले नेत शेत." वॅगन बुटकी होती म्हणून तिला वर उचलावंच लागलं नाही. उंच गाडीत ती आडवी मावलीच नसती. अक्का टेकवलेल्या बैलगाडीत बसली, जू उचलून गाडी सपाट केल्यावर सरकत पुन्हा उंच गाडीत गेली आणि आम्ही त्याच रस्त्यानं परतलो. वॅगन पुढे. अक्कानं रहीमभाईला बजावून ठेवलं होतं, तिच्या मागेच राहायचं, ती दिसली पाहिजे.

घरी उंच गाडी ओट्याला लागली, अक्का उतरली. भीमाला गोधडीवरून ओट्यावर घेतलं. मग नाना यांच्याकडे आणि हे नानांकडे बघायला लागले. दोन दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. रहीमभाईनं हसून उंच गाडीची चावी बोटावर फिरवली आणि सकाळी धुळ्याला निघाला.

आम्ही वॅगन घेतली. पावसाळ्यात ती शेतात तीनदा रुतली आणि दर वेळी नानांनी यांच्याकडे बघून "मी म्हटलं होतं" म्हटलं. भीमा आठ दिवसांसाठी आली होती. सुकलाल दर पंधरवड्याला केळीचा घड घेऊन यायचा आणि विचारायचा, "आई, नेऊ का?" ती म्हणायची, "आते कुठे उनी मी." तिच्या औषधाच्या फेऱ्या वॅगननंच केल्या, दर खेपेला मागे गादी अंथरून.

आता तुम्ही विचाराल, जळगावकडे म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर कोणती गाडी न्यावी? खरं सांगू, मला अजूनही माहीत नाही. भाचीलाही मी एवढंच म्हटलं, की ज्यांच्यासाठी घेते आहेस त्यांना आधी विचार. आम्ही ती गाडी अक्कासाठी घेतली होती. ती बारा वर्षं आमच्या दाराशी उभी होती. ओट्यावर दोघी बहिणी एका सतरंजीवर बसून ती जाता-येताना बघायच्या. अक्का तिच्यात एकदाही बसली नाही. तिला आता कुठे जायचंच नव्हतं.