इद्रीसचा एकच नियम

कुवेतातल्या जहऱ्याच्या इद्रीसला बोलता येत नसे. मुका नव्हता तो. लॉरीच्या इंजिनाशी तासन् तास भांडायचा. पण समोर माणूस आलं, त्यातही आपलं माणूस आलं, की गड्याची दातखीळ बसलीच. लग्नानंतर आठव्या दिवशी हर्णै सोडून त्यानं कुवेतची वाट धरली आणि पुढची सात वर्षं बिल्कीसला त्याची पत्रं येत राहिली. मी खुशाल आहे, तू खुशाल असशील, इकडे गरमी फार. बस्स.

अशा माणसामागून दर शुक्रवारी संध्याकाळी चार-पाच साहेब-मडमा मुकाट्यानं वाळवंटात चालत, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. झालं होतं असं. अठ्ठावन्न साली बसऱ्याच्या रस्त्यावर त्याच्या लॉरीचा टायर फुटला. मदतीची वाट बघत बसला असताना समोरच्या झुडपावरून मातकट रंगाचं एक पाखरू शीळ घालत सरळ वर चढलं. वर जाऊन काळेपांढरे पंख उघडले, एक गिरकी घेतली आणि धोंड्यासारखं खाली सुटलं. आता आपटणार, तोच सावरलं. पुन्हा वर. वाळवंटात भटकणारे बदू लोक त्याला उम्म सालेम म्हणतात. मादीला रिझवण्यासाठी नराचा हा सारा आटापिटा.

हे इद्रीसनं कंपनीच्या हाफिसातल्या साहेबाला सांगितलं, साहेबानं मडमेला, आणि मडमेनं दुर्बीणच मागवली. तेव्हापासून दरसाल अरफजच्या झुडपांना पिवळी फुलं धरली की इद्रीसची फेरी सुरू व्हायची. नियम एकच: बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. ‘नो टॉकिंग’ एवढं इंग्रजी त्याला अस्खलित येत होतं.

बासष्ट साली बिल्कीस आली. ही पोर म्हणजे वाहता झरा. आल्यापासून एका खोलीत स्टोव्हपाशी बसून ती बोलायची आणि इद्रीस ‘हं’ म्हणायचा. त्या ‘हं’मध्ये किती माया होती ते इद्रीसलाच ठाऊक. तिला कसं कळावं? चार महिन्यांनी तिनं शेजारच्या झहूरभाईंना सांगून मुंबईच्या बोटीचं तिकीट काढवलं आणि नवऱ्याला म्हणाली, “मंगळवारी मी जाताव.”

इद्रीस म्हणाला, “बरं.” मग बाहेर जाऊन त्यानं धुतलेली लॉरी पुन्हा धुतली.

शुक्रवारी ती चप्पल घालून दारात उभी. “मडमांना काय दाखवता ते जायच्या आधी मला पन बगायचा हाय.”

त्या दिवशी दोघी मडमाच आल्या होत्या. सूर्य कलला तशी सगळी मंडळी वाळूवर बसली. इद्रीसनं ओठांवर बोट ठेवलं. बिल्कीसला हसू आवरेना. ह्या माणसानं गप्प बसण्याचाही धंदा काढला की!

शीळ आली. पाखरू चढलं, पडलं, सावरलं. मडमांच्या दुर्बिणी वर-खाली होऊ लागल्या. बिल्कीस मात्र वर बघतच नव्हती. इद्रीसच्या कानाशी येऊन ती कुजबुजली, “ती कुठं हाय?”

इद्रीस चमकला. चार वर्षांत मादीला शोधायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बिल्कीसनं बोटानं दाखवलं. एका झुडपाखाली, पाठ फिरवून, वाळूच्याच रंगाची ती उभी होती. जणू तिचं काही देणंघेणं नाही. पण नर खाली सुटला की दर वेळी ती मान वळवून बघायची. तो सावरला की पुन्हा पाठ.

“बिचारी,” बिल्कीस पुटपुटली. “सारखी वाट बगते.”

इद्रीसनं बायकोकडे बघितलं. सात वर्षांची पत्रं त्याला आठवली.

“बिल्कीस, जाऊ नको!”

आवाज लॉरीच्या इंजिनावर कमावलेला. नर उडाला, मादी उडाली, मडमांच्या हातून दुर्बिणी सुटल्या. थोरली मडम रागानं वळून म्हणाली, “इद्रीस! नो टॉकिंग!”

पण इद्रीस आता कुठला थांबतोय? “तुझ्याशिवाय खोली खायला उठते गं. सात वर्षं उठायची. मला लिवता येत नाय, बोलता येत नाय, पन जाऊ नको.”

बिल्कीसनं पदरानं डोळे पुसले. मग मडमेकडे वळून हात जोडले आणि म्हणाली, “बोलू दे गो बाय त्याला.”